सशांचा होकार

कुठं काम करता असं कुणी विचारलं, की मी 'औषधांच्या लाइनमध्ये' असं सांगते आणि विषय पावसावर नेते. आमच्या मुळशीत पावसाचा विषय कधी वाया जात नाही. खरं सांगायचं तर मी बारा वर्षं सशांचा ताप मोजते आहे.

घोटावड्याच्या रस्त्याला दोन कारखान्यांच्या मधे एक बैठी पांढरी इमारत आहे. तिला पाटी आहे, पण आत काय चालतं हे पाटीवरून कळत नाही. तिच्या मागच्या बाजूला गार हवेचं यंत्र लावलेली एक लांबोडकी खोली, आणि त्या खोलीत चाळीस ससे. मी मूळची कासार आंबोलीची. बी.एस्सी. झाले तेव्हा घरच्यांना वाटलं, पोरगी आता पुण्यात मोठ्या लॅबमध्ये जाणार. पोरगी स्कूटीवर वीस मिनिटांवर गेली आणि तिथंच राहिली. माझ्या चुलत्यांनी पहिल्याच दिवाळीला विचारलं होतं, "सशाला ताप आला तर तुमी काय करता?" मी म्हटलं, बाटल्या फेकून देतो. ते हसत सुटले. त्यांना वाटलं मी थट्टा करतेय.

थट्टा नव्हती. सलाइनची बाटली असो की इंजेक्शनची कुपी, जे थेट माणसाच्या शिरेत जाणार, त्यात ताप आणणारं काही शिल्लक नाही ना, हे बघायचं आमचं काम. जंतू उकळून मारता येतात, पण मेलेल्या जंतूंची सालपटं मागं उरतात. ती रक्तात गेली की अर्ध्या-पाऊण तासात माणूस थंडीनं हुडहुडायला लागतो, ताप चढतो, नशीब वाईट असेल तर रक्तदाब कोसळतो. हे माणसावर करून बघता येत नाही म्हणून सशावर बघायचं. तीन ससे घ्यायचे, मान अडकेल अशा पेट्यांत बसवायचे, शेपटीखाली थर्मामीटरची नळी सरकवायची, कानाच्या कडेच्या शिरेत नमुना टोचायचा आणि तीन तास आकडे लिहीत बसायचं. ताप आला तर माल नापास. नाही आला तर पास, आणि ससा आपल्या पिंजऱ्यात परत. ठरलेले दिवस विश्रांती झाली की पुन्हा त्याची पाळी.

नमुने आमच्याकडे नुसते आकडे घालून येतात. माल कुठल्या कंपनीचा, कुठल्या गावच्या दवाखान्यात जाणार, आम्हाला कळत नाही. साहेबांच्या मते त्यामुळं तपासणीत पक्षपात होत नाही. नसेल होत. मला मात्र कायम असं वाटत आलंय, की ज्याच्यासाठी हे चाललंय तो माणूस आम्हाला दिसत नाही आणि ज्याच्यावर चाललंय त्या सशाला आम्ही दिसतो.

ससा ओरडत नाही. हे फार सोयीचं आहे. वर्षातून एकदा आमच्याकडं समितीची बैठक होते, बाहेरची दोन मोठी माणसं येतात, चहा-बिस्किटं होतात. फॉर्ममध्ये एक रकाना असतो, प्राण्याला होणारी वेदना: किरकोळ, मध्यम की तीव्र. मी दरवर्षी 'किरकोळ'वर खूण करते. कुणी हरकत घेत नाही. ससे तर नाहीच नाही.

ह्या खोलीत माझ्याबरोबर एक मावशी होती. पिंजरे धुणं, चारा-पाणी बघणं, सशांच्या कानात शाईनं लिहिलेले नंबर फिके झाले की पुन्हा गडद करणं, आणि मी चिठ्ठीवर लिहिलेले तीन नंबर पिंजऱ्यांतून काढून तपासणीच्या खोलीत आणून देणं, हे तिचं काम. धरणाच्या अंगाला डोंगरावर तिची वाडी. पहाटे खाली उतरून वडापच्या जीपनं घोटावड्याला यायची. पन्नाशी कधीच ओलांडलेली, हातापायांनी चिवट. अक्षरओळख नव्हती पण आकडे पक्के. माझ्यापेक्षा ससे तिला जास्त कळायचे. मी उचलला की ससा पाय झाडायचा; तिनं उचलला की कोपराच्या घडीत तोंड खुपसून गप्प बसायचा. मला ह्याचा थोडा हेवा वाटायचा, आणि बराचसा आरामही. सगळं तिच्यावर सोडून मी आकडे लिहीत बसायची.

त्या वर्षी दिवाळीनंतर आमच्याकडं एकही माल नापास झाला नाही. एरवी महिन्याला एखादा तरी व्हायचाच. मार्गशीर्ष गेला, पौष गेला, माघ गेला, ससे थंडगार. साहेब खूश. म्हणाले, कंपन्यांची क्वालिटी सुधारली बघा. मीही मान हलवली. आपल्या ताटात आयतं पडलेलं कोण तपासून बघतं?

फाल्गुन लागला आणि डोंगरांवर वणवे सुरू झाले. दरवर्षी लागतात. गवत जाळलं की पुढचं गवत चांगलं येतं असं लोक म्हणतात आणि काडी लावून मोकळे होतात. धुराचा वास गार हवेच्या यंत्रातूनही आत यायचा. ससा भ्याला की मागचा पाय जमिनीवर आपटतो. एकानं आपटला की दुसरा आपटतो. त्या दिवसांत मी खोलीत शिरले की चाळीस पिंजऱ्यांतून धप धप असा आवाज यायचा.

अशाच एका सकाळी तेवीस नंबरच्या सशाला टोचताना मला शीर सापडेना. कान कडेकडेनं निळा पडलेला, शीर दोरीसारखी कडक, तीन ठिकाणी ताज्या खपल्या. मी यादी काढून बघितली. तेवीस नंबर वीस दिवस पिंजऱ्याबाहेर आलेला नव्हता. मी दुसऱ्या कानात टोचलं, तपासणी पुरी केली, आणि जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता ससेखान्यात गेले. एकेक पिंजरा उघडून चाळीसही सशांचे कान बघितले. चौतीस सशांच्या कानांवर महिनोन्‌महिने सुई लागल्याची खूण नव्हती. सहा सशांचे कान चाळणी झालेले होते.

मावशी मागं चारा घेऊन उभी होती. मी तेवीसला उचलून तिच्यापुढं धरला.

"मावशी, हा तेवीस वीस दिवस भाईर आला न्हाई. मग ह्याचा कान असा कसा?"

तिनं चारा खाली ठेवला. घाबरली वगैरे अजिबात नाही.

"त्यो तेवीस न्हाई. त्यो चार हाय."

"मग तेवीस कुटं हाय?"

"हाय की पिंजऱ्यात. त्यानं न्हाई म्हणलं."

मला वाटलं मावशीचं डोकं फिरलं. ती शांतपणे पाण्याची वाटी घेऊन आली. एका पिंजऱ्याचं दार उघडलं, बोटं पाण्यात बुडवली आणि आतल्या सशाच्या पाठीवर चार थेंब शिंपडले. ससा डोळे मिचकावत बसून राहिला. ती थांबली. बराच वेळ थांबली. मग दार लावून म्हणाली, "बघा. न्हाई म्हणतोय." मग माझ्या हातातल्या सशावर तसंच पाणी शिंपडलं. तो कानापासून शेपटीपर्यंत सगळं अंग झाडून मोकळा झाला. पाणी माझ्या तोंडावर उडालं.

"ह्यो व्हय म्हणतो," मावशी म्हणाली. "लई गुणी हाय. कवा बी इचारा, व्हयच म्हणतो."

मग मला सगळं कळलं, आणि न कळण्यासारखं त्यात काही नव्हतंच, कारण ही रीत आमच्याही घरची. आमच्या म्हसोबाला बकरं देतात तेव्हा आधी त्याला हळदकुंकू लावून पाणी शिंपडतात. बकऱ्यानं अंग झाडलं, म्हणजे देवानं मान्य केलं आणि बकऱ्यानंही. त्याशिवाय सुरी लावायची नाही. मी लहान असताना एकदा बकरं काही केल्या अंग झाडेना. दुपार कलली, पाहुणे ताटकळले, पोरं रडायला लागली. शेवटी आमच्या चुलत्यांनी तांब्या उचलला आणि बकऱ्याच्या कानात पाणी ओतलं. कानात पाणी गेल्यावर कोण अंग झाडत नाही? सगळ्यांनी एकदम "झाडलं, झाडलं" म्हणून गलका केला. मीही केला. नंतर पोटभर जेवले.

मावशी कानात पाणी ओतत नव्हती. एकदा शिंपडायची, वाट बघायची, आणि ससा गप्प राहिला तर त्याला तसाच ठेवायची. मग हो म्हणणाऱ्या सशाच्या कानातला नंबर स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायची, त्या जागी माझ्या चिठ्ठीवरचा नंबर लिहायची आणि माझ्यापुढं आणून ठेवायची. संध्याकाळी पुन्हा मूळचा नंबर. त्या दिवशी मी दुपारच्या सुट्टीतच, तिनं नंबर परत बदलायच्या आधी, कान बघितले म्हणून चार नंबर तेवीस राहिला होता. सगळे ससे पांढरे, सगळे लाल डोळ्यांचे. पाच महिने मला पत्ता नाही.

मी तिच्यावर भडकले. काय वाट्टेल ते बोलले. तिनं ऐकून घेतलं.

"बाई," ती म्हणाली, "आमी देवाला बकरं देतो तवा इचारतो. ह्येंला तर आपण कुणाला देतो त्ये बी सांगत न्हाई."

"माणसांसाठी चाललंय हे, मावशी. आजारी माणसांसाठी."

"व्हय. मंग इचाराय नको?"

मी ससा पिंजऱ्यात सोडला. माझ्या डोक्यात दुसरंच चक्र सुरू झालं होतं. सशाला विश्रांती देतात ती दयेनं नव्हे. ज्या सशाला वरचेवर ती जंतूंची सालपटं टोचली जातात, त्याच्या अंगाला त्यांची सवय होते. मग त्याला ताप येत नाही. बाटली वाईट असली तरी तो थंडच राहतो, आणि आम्ही 'पास' लिहितो. दिवाळीच्या तोंडावर नापास झालेले शेवटचे माल ह्याच सहांच्या अंगात गेले असणार. त्यानंतर पाच महिने सगळे माल ह्याच सहांच्या अंगात गेले. कंपन्यांची क्वालिटी सुधारली नव्हती, आमचे ससे सरावले होते.

आणि दरेक कागदाच्या तळाशी एक ओळ छापलेली असते: कानातला नंबर व यादी जुळवून पाहिली. तिच्यापुढं माझी सही. सही करायला एक क्षण लागतो; जुळवायचं म्हणजे कान उलटा करून, कानाच्या खुणा बघून, मागचे कागद काढून बसावं लागतं. मी पाच महिने सही केली होती. मावशीनं नंबर बदलले हे खरं, पण जिनं बघायचं ती मी होते. मावशीनं निदान सशांना विचारलं तरी. मी तेवढंही केलं नव्हतं.

साहेबांना सांगायचं तर मावशीची नोकरी जाणार, बहुतेक माझीही. आणि चाळीस ससे जाणार. कुठला ससा कोण, कुणाच्या अंगात काय गेलंय, ह्याचा भरवसा उरला नाही की त्या सशांचा तपासणीला उपयोग नाही, आणि उपयोग नसलेला ससा आमच्याकडं ठेवत नाहीत. न सांगायचं तर कुठंतरी दवाखान्यात त्या बाटल्या लटकत राहणार. त्यात एखादी वाईट असेलच असं नाही. नसेलच असंही नाही.

मी अकरा दिवस गप्प बसले. झाकली मूठ म्हणतात तशी. तेवढ्या दिवसांत एवढंच केलं, की ससे मी स्वतः काढायला लागले. चिठ्ठीवरचा नंबर, पिंजरा, कान, सगळं बघून, आणि ते सहा वगळून. मावशी दारात उभी राहून बघायची. पाणी शिंपडायची मला लाज वाटायची आणि न शिंपडता उचलताना त्याहून जास्त लाज वाटायची. नवे माल आता नीट तपासले जात होते. पण मागचे पाच महिने गेले होते ते गेलेच होते, आणि त्यांतल्या बाटल्या रोज कुणाच्या ना कुणाच्या शिरेत उतरत होत्या. माझ्या घरातल्या भाडेकरू मुलीला त्याच आठवड्यात उलट्या झाल्या, ती हिंजवडीच्या कंपनीतून येता येता भुकूमला सलाइन लावून आली. "आता बरं वाटतंय ताई," म्हणाली. मी रात्री झोपायच्या आधी दोनदा तिच्या कपाळाला हात लावून बघितला. तिला वाटलं किती माया हिची.

बाराव्या दिवशी, रविवारी दुपारी, मावशीचा फोन आला. तिची सून आदल्या दिवशी बाळंत झाली होती, पौडच्या अलीकडं एका छोट्या खाजगी दवाखान्यात. मुलगी झाली होती.

"बाई, जरा येता का? सून कशीच करतीया. हितली मला काय सांगंनात."

मी गेले तेव्हा सूनबाईच्या अंगावर तीन ब्लँकेटं होती आणि तरी खाट खडखड वाजत होती. दात एकावर एक आपटत होते. ओठ निळसर. अशक्तपणा म्हणून सकाळी सलाइन लावलं, पाऊण तासात हे सुरू झालं. नर्सनं नळी काढून टाकली होती. अर्धी भरलेली बाटली अजून तशीच वर लटकत होती. मी तिच्यावरचे आकडे वाचले, पुन्हा वाचले, जणू त्यातून मला काही कळणार होतं. आमच्याकडं येतात ते आकडे वेगळे. डॉक्टर तरुण होते, म्हणाले, "रिअॅक्शन आहे, होतं कधीकधी. इंजेक्शन दिलंय, उतरेल." त्यांच्या आवाजात घाबरल्याची खूण नव्हती.  बाळ शेजारच्या पाळण्यात शांत झोपलं होतं.

मावशी बाहेर नळापाशी बसली होती. मी शेजारी बसले. समोरच्या डोंगराला काळी जळकी रेघ पडली होती.

"तिनं अंग झाडलं वो," मावशी म्हणाली. "मी बघितलं. डोक्यापासनं पायापतूर."

"थंडी वाजतीय तिला, मावशी."

"मला समजतं त्ये. मी एवढ्यांला इचारलं. न्हाई म्हणले त्येंला ठिवलं, पर व्हय म्हणले त्येंला नेलं का न्हाई? त्येंचा बी कोण देव आसंलच की. त्यानं आता माझ्या घरातलं इचारलंय. आन हिनं व्हय म्हणलं."

ती रडत नव्हती. एखाद्या गोष्टीचा हिशेब लागल्यावर माणूस बोलतं तसं बोलत होती. मला तिची भीती वाटली. मग अकरा दिवस पोटात ठेवलेलं सगळं मी तिथं नळापाशी ओकले. जंतूंची सालपटं, सरावलेले ससे, पास झालेल्या बाटल्या, माझी सही. तिला कळेल अशा शब्दांत सांगितलं. ही बाटली आमच्याकडून गेली की नाही ते मला माहीत नाही, कधी कळणारही नाही, पण अशीच एखादी आमच्या हातून पास झाली असेल, हेही सांगितलं. मला वाटलं ती मला शिव्या देईल, नाहीतर ऊर बडवून घेईल.

तिचा चेहरा सैल पडला.

"म्हंजी बाटलीत घाण आसंल?"

"आसंल."

"मंग बरं झालं."

"बरं कसं, मावशी?"

"घाण आली, तशी गेली. देवानं एकदा मागितलं की त्यो सोडत न्हाई."

तिन्हीसांजेच्या आत सुनेची थंडी थांबली, ताप उतरला, तिनं चहा मागितला. मी निघताना मावशीला म्हटलं, "मी उद्या साहेबांना सांगणार हाय. तुमची नोकरी जाईल." ती म्हणाली, "सांगा की. सांगायचंच हाय त्ये. पर बाटल्यांचं काय निघतंय त्ये मला सांगायचं. ध्यान धरून सांगायचं." मी तिच्या हातावर हात ठेवून हो म्हटलं.

सोमवारी सांगितलं. साहेब आधी हसले, मग कागद मागवले, मग दार लावून घेतलं. दुपारी मावशीला गेटवरून परत पाठवलं. आत येऊन डबा घ्यायचीसुद्धा परवानगी दिली नाही, तो मीच नेऊन दिला. माझी नोकरी गेली नाही. मला आधी वाटलं साहेबांनी मोठं मन केलं. नंतर ध्यानात आलं, की मी गेले असते तर माझ्या पाच महिन्यांच्या सह्यांबद्दल कुणीतरी विचारलं असतं.

बुधवारी जनावरांचे डॉक्टर आले आणि चाळीस ससे संपवले. इंजेक्शननं, कानाच्या त्याच शिरेतून. धरायला दुसरं कुणी नव्हतं, मी धरले. मी उचलला की एरवी पाय झाडणारे ससे त्या दिवशीही झाडत होते. फक्त चार नंबर पिंजऱ्याचं दार उघडल्याबरोबर आपण होऊन पुढं आला. त्याला वाटलं असेल नेहमीसारखंच आहे. मी त्याला धरून रडले. डॉक्टर थोडा वेळ थांबले आणि मग म्हणाले, "मॅडम, अजून एकवीस आहेत."

पुढच्या आठवड्यात चाळीस नवे ससे आले. प्रत्येक मालाच्या काही बाटल्या आम्ही राखून ठेवतो. त्या काढल्या आणि तपासायला सुरुवात केली. त्याआधी साहेबांनी एक कागद पुढं केला: जे काही निष्पन्न होईल ते संस्थेबाहेर कुणाजवळही बोलणार नाही. मी वाचला आणि सही केली. ह्या वेळी मात्र सगळा वाचला.

पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशी तीन कोवळे ससे पेट्यांत बसवले, टोचलं आणि समोर बसले. पहिला अर्धा तास आकडे जागचे हलले नाहीत. मी देवाचं नाव घेत नव्हते, पण ओठ हलत होते. एक तास झाला. मधल्या सशाचा आकडा चढला. मग डावीकडचा. मग तिसरा. दीड तासात तिघांचे कान लाल झाले, श्वास भराभर व्हायला लागले, आणि मी लिहीत राहिले. तो माल पौष महिन्यात पास होऊन गेला होता.

साहेबांनी कागद घेतला, बघितला, म्हणाले, "ठीक आहे, पुढचं मी बघतो." माल माघारी बोलावल्याचं पत्र गेलं, असं मला दोन दिवसांनी सांगण्यात आलं. मी ते पत्र बघितलं नाही. त्या मालाला एव्हाना तीन महिने झाले होते.

त्याच संध्याकाळी मावशीचा फोन आला. मी कासार आंबोलीच्या फाट्यावर स्कूटी बाजूला घेतली.

"बाई, निघालं का काय?"

मी काय बोलणार होते ते मला शेवटपर्यंत माहीत नव्हतं. डोक्यात तो सही केलेला कागद होता, आणि त्याच्यावर मी लगेच मायेचं पांघरूण घातलं: तिच्या गुणी सशांनी वाईट बाटली पास केली हे ऐकून म्हातारीला काय वाटेल, कशाला तिच्या जिवाला घोर, नोकरी तर गेलीच बिचारीची. खोटं बोलायचं असलं की माणसाला दया फार पटकन येते.

"न्हाई मावशी," मी म्हणाले. "समद्या बाटल्या चांगल्या निघाल्या."

 पलीकडं मागं बाळ रडत होतं, त्याला कुणीतरी उगी उगी करत होतं. सून असणार. तिचा आवाज चांगला होता.

"म्हंजी बाटलीचं न्हवतं," मावशी म्हणाली.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं मी काय केलं ते.

"मावशी, ऐका—"

"न्हाई, सांगितलंत त्ये बरं केलंत. आता मला समजलं. त्यानं मागितलंय तर द्याय तर लागंल. सुनंच्या बदली काय चालंल त्ये बघते मी."

"तसं न्हाई, मावशी," मी म्हणाले.

मग कसं, हे तिनं विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.